कंप्युटरातली पाल

मयेच्या गोकुळदासांना दोन गोष्टींची पक्की खात्री होती. आपला कंप्युटर कधी बिघडणार नाही, आणि पाल कधी खोटं बोलत नाही. पाळी गावच्या खाणीवर ट्रकांची वजनं कंप्युटरवर नोंदवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. त्यामुळे या विषयात कोणी त्यांना शिकवायला गेलं की ते नुसते हसायचे.

लेक गौरवी पणजीला नोकरीला. शनिवारी घरी आली की तिचं तुणतुणं सुरू. "बाबा, आजीची गाणी दुसऱ्या जाग्यार कॉपी करून ठेवूया. कंप्युटर म्हातारो झालो."

ही गाणी धालोची, पौषाच्या रात्री बायका गावच्या अंगणात, मांडावर, नाचत म्हणतात ती. गोकुळदासांच्या आईने, चंद्रावतीने, जन्मभर मांडावर म्हटलेली आणि तिच्या शेवटच्या पौषात त्यांनी रेकॉर्ड करून घेतलेली. आता गावात ती कोणाला पुरती येत नव्हती. आईचा आवाज जगात कंप्युटरच्या त्या एका डब्यात उरला होता. रोज दिवेलागणीला तो ऐकल्याशिवाय गोकुळदासांना जेवण जात नसे.

"माझो कंप्युटर अजून धा वर्सां हालचो नाय," ते म्हणाले.

टक. टक. टक.

गोकुळदासांनी तत्परतेने कंप्युटरच्या डब्यावर बोटं वाजवली. "कृष्ण कृष्ण. आयकलंस मगे? पाल पण तेच म्हणता."

पाल चुकचुकली की बोललेलं खरं ठरतं आणि आपण बोटं वाजवून कृष्णाचं नाव घ्यायचं, यावर त्या घरात दुमत नव्हतं. विषय तिथेच मिटला.

तेव्हापासून पाल मुक्कामालाच आली. गाणी लावली की हमखास बोलायची. गोकुळदास तिचा सल्ला घेऊ लागले. स्कूटर विकू नये म्हणताच टक टक. गौरवीला आलेलं पेडण्याचं स्थळ काही बरं नाही म्हणताच टक टक. प्रत्येक होकाराला ते डब्यावर आपटत, आधी बोटं, मग मूठ. मधल्या काळात जत्रेचे फोटो अर्धेच उघडू लागले आणि कंप्युटर सुरू व्हायला चहा होईपर्यंत वेळ घेऊ लागला. गोकुळदासांनी त्याचा दोष उन्हाळ्याला दिला.

त्यांची बायको सुमंगला मात्र अस्वस्थ होती. केरसुणी घेऊन तिने भिंतीवरच्या फोटोंच्या मागे, टेबलाखाली, वाशांवर शोधलं. पाल कुठेच नव्हती. शिवाय कंप्युटर बंद असला की ती कधी बोलत नसे. हे लक्षात आलं त्या दिवसापासून सुमंगला त्या खोलीत एकटी जाईनाशी झाली.

मग एका शनिवारी संध्याकाळी गाणं अडकलं. चंद्रावती मांडावर सयांना हाक मारत होती, तिथेच.

"ये गो... ये गो... ये गो..."

मध्ये श्वास नाही, उतार नाही. त्यात पालीची टकटक. अंगणातला कुत्रा उठून खिडकीकडे बघत उभा राहिला. सुमंगलेच्या हातातला आमटीचा डवला खाली पडला. "मांय माका बोलयता," ती पुटपुटली. सासूला ती मांय म्हणायची. गोकुळदासांनी वायर उपटली तेव्हा कुठे हाक थांबली.

सकाळी नवरा मासळी आणायला गेल्याबरोबर तिने गौरवीला गाठलं. "तुझी आजी त्या पेटयेत घुसमटता. एकाच जाग्यार कोंडलां म्हणान अशी करता. तिका भायर काढ."

गौरवीने वाद घातला नाही. अडखळत, रखडत का होईना, गाणी तेवढी दोन पेनड्राइव्हवर उतरली. एक ती पणजीला घेऊन गेली. दुसरा सुमंगलेने हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवला आणि नवऱ्याला काही कळू दिलं नाही.

सोमवारी दिवेलागणीला पाल जोरात बोलली आणि एकदम गप्प झाली. पडदा काळा. गोकुळदासांनी मुठी आपटल्या, कृष्णाचा धावा केला, पण काही नाही.

दुसऱ्या दिवशी डबा मांडीवर घेऊन ते बसने डिचोलीला गेले. दुकानातल्या निलेशने आतली हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली. टक. टक. टक. गोकुळदासांनी सवयीने वर भिंतीकडे पाहिलं.

"थंय काय बघतात? डिस्कच वाजता ही. मरूक लागली की अशी वाजता. आयकलां तेव्हाच बंद करून कॉपी घेवची." निलेशने ती उलटसुलट करून पाहिली. "हेका कोणी धक्के दिले?"

गोकुळदासांनी उजवा हात खिशात घातला.

"काय गावचां नाय आता," निलेश म्हणाला, "आतलां सगळां गेलां."

परतीच्या बसमध्ये ते लोकांदेखत रडले. दारात पाय ठेवताच बायकोला म्हणाले, "आवशीक मी माझ्या हातान मारलंय." सुमंगला देव्हाऱ्याकडे गेली आणि पेनड्राइव्ह आणून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो कपाळाला लावला.

नवा कंप्युटर आला. गौरवीने गाणं लावलं. "ये गो" आलं आणि सरळ पुढच्या ओळीला गेलं. तिघंही ऐकत राहिली. गाणं संपल्यावर सुमंगलेने डोळे पुसले.

"तुमका कंप्युटरातलां काय एक कळना," ती म्हणाली.

टक. टक. टक.

गोकुळदासांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी डब्याला कान लावला. डबा शांत होता. वर, ट्यूबलाइटच्या शेजारी, एक जाडजूड, खरीखुरी पाल बसली होती.

गौरवी बापाकडे बघत राहिली. गोकुळदासांचा हात डब्याकडे गेला, अर्ध्यावरून परत आला आणि दाराच्या चौकटीवर हळूच वाजला.

"कृष्ण कृष्ण," ते म्हणाले.