गवाराजांचा पातळ काढा

बाळांनो, जरा सावरून बसा. एका जंगलात, जिथं नकाशा काढणारे अजून पोचलेले नाहीत, एकदा तापाची साथ आली.

तिथली वैद्यीण होती गोदाक्का साळिंदर. अंगभर काटे, पण हाताला गुण. तिनं एका कडू सालीचा घट्ट काढा केला आणि तापलेल्या भेकरिणीला सात दिवस पाजला. आठव्या दिवशी भेकरीण उठून चरायला गेली.

गवाराजांनी गोदाक्काला बोलावलं.

"महाराज," ती म्हणाली, "या विषाणूला हात नाहीत, पाय नाहीत, स्वतःची चूल नाही. तो आपल्या पेशीत घुसतो आणि तिच्याच चुलीवर आपली लाखो पोरं रांधतो. घाईत एखादं पोर वाकडं निघतं, त्याला पातळ काढा बाधत नाही. साल थोडी आहे. आजाऱ्यालाच द्या, घट्ट द्या, सातही दिवस द्या."

"फक्त आजाऱ्यांना?" गवाराजे गहिवरले. "मग धडधाकट प्रजेनं काय पाप केलंय?"

हुकूम सुटला. काढ्यात ओढ्याचं पाणी ओतलं गेलं. प्रत्येकाला एकच घोट. योजनेचं नाव 'घोट घोट आरोग्य'. उद्घाटनाला सगळं जंगल नाकाला नाक लावून जमलं. आजारी जनावरांना मानानं पुढं बसवलं होतं.

पातळ काढ्यानं साधे विषाणू मेले. वाकडे तेवढे उरले. त्यांना मोकळं रान मिळालं, आणि त्यांची पोरं आणखी वाकडी निघाली.

पंधरा दिवसांत ताप परत आला. आता घट्ट काढाही चालेना. दोन ससे गेले, एक चितळ गेलं. गोदाक्का रिकामी वाटी घेऊन चितळाशेजारी बसून राहिली. मग गवाराजेच तापले.

"गोदाक्का, त्या विषाणूला आमच्या अंगातून हद्दपार करा!"

"बाहेर तो फार टिकत नाही, महाराज. म्हणून तर तो तुमच्या आत आहे."

राजांचे डोळे चमकले. "म्हणजे आमच्या आश्रयानं जगतो? संख्येनंही मोठा? मग ती आपली प्रजाच झाली की!"

"महाराज, मी दुसरी मुळी शोधलीय. पण तोवर सगळ्यांना एकमेकांपासून लांब ठेवा. नवं घर मिळालं नाही, की त्याचा वंश खुंटतो."

"उत्तम! हे समजवायला उद्याच सगळ्यांची सभा घेऊ."

ऐकतील तेवढ्या आजाऱ्यांना घेऊन गोदाक्का ओढ्यापलीकडे गेली. प्रत्येकाला वेगळ्या झाडाखाली बसवलं. नवी मुळी उगाळून स्वतः पाजली, सातही दिवस. तिथले सगळे बरे झाले.

इकडे सभा झाली. तिसऱ्या दिवशी गवाराजे वारले. त्यांच्या अंगातले कोट्यवधी विषाणूही घर कोसळल्यामुळे बेघर झाले आणि नष्ट होण्याच्या वाटेला लागले.

पण महिनाभराची शोकसभा ठेवली होती. सगळं जंगल आलं. एकमेकांच्या गळ्यात पडून रडलं. ओढ्यापलीकडे गोदाक्कानं ते रडणं ऐकलं, आणि ती मुळ्या खणायला लागली.

तात्पर्य : विषाणूला डोकं नसतं, म्हणून बिचाऱ्याला प्रत्येक वेळी बदलावं लागतं. आपल्याला डोकं असतं. आपण आहोत तसंच राहावं.