अण्णांचे हात जुळले

मुलं पियानो सोडतात ती तो अवघड आहे म्हणून नाही, तर आपल्याला आता काय येतंय हे त्यांना कुणी सांगत नाही म्हणून, असा योगिनी गुप्तेचा सिद्धांत होता. डोंबिवलीत तिचा क्लास नऊ वर्षं चाललेला, आणि हा सिद्धांत ऐकला नाही असा एकही पालक उरला नव्हता. यंदा तिने त्यावर जालीम उपाय काढला. विद्यार्थ्याने एक पायरी ओलांडली की पेढ्यांचं एक खोकं, खोक्यावर त्याने काय मिळवलं त्याची चिठ्ठी, आणि ते पेढे त्याने आपल्या बिल्डिंगमध्ये स्वतः वाटायचे, स्वतःच्या तोंडाने सांगून.

"यंदा माझा एकही विद्यार्थी गळणार नाही," तिने नवऱ्याला छातीठोकपणे सांगितलं. नवऱ्याने पेढ्यांसाठी हात पुढे केला. त्याला मिळाले नाहीत; त्याने काही मिळवलं नव्हतं.

पहिल्याच खोक्याला ठेच लागली होती. छोट्या संचिताच्या चिठ्ठीवर योगिनीने लिहिलं, 'संचिताचा डावा हात मोकळा झाला', आणि चार शेजारणी प्लास्टर कुठल्या डॉक्टरांनी काढलं ते विचारून गेल्या. शहाण्या माणसाने तिथेच चिठ्ठ्या थांबवल्या असत्या. योगिनीने फक्त पेन बदललं.

तिला खरी काळजी होती अण्णा दामल्यांची. अडुसष्ट वर्षांचे, एका केमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त, पत्नी जाऊन सहा वर्षं झालेली, आणि बोलणं असं की शब्द रेशनवर मिळत असावेत. दहा महिने ते शिकत होते. उजवा हात वाजे, डावाही वाजे, पण दोन्ही एकत्र आणले की दारात 'तुम्ही आधी, तुम्ही आधी' करणाऱ्या पाहुण्यांसारखे दोघेही थांबत.

"बाई, हा महिना शेवटचा," अण्णा म्हणाले. "माझ्यात काही फरक पडत नाही."

योगिनीला ते फार लागलं. कारण अण्णा तिचे सगळ्यांत लाडके विद्यार्थी होते, हे तिने कुणाला सांगितलं नसलं तरी सगळ्यांना माहीत होतं.

आणि त्याच गुरुवारी अण्णांनी आठ ओळींची एक चाल दोन्ही हातांनी, न थांबता, शेवटपर्यंत वाजवली. वाजवून "दोनदा चुकलं" म्हणाले आणि चष्म्याची डबी उचलून निघाले. आपण काय केलं याचा त्यांना पत्ताच नव्हता. योगिनीने त्यांना दारातच अडवलं, हातात खोकं ठेवलं आणि गहिवरून चिठ्ठी लिहिली: 'अण्णांचे हात जुळले. दहा महिन्यांची साधना फळाला आली.'

"आधी हे वाटा. तोंडाने सांगून. मग काय सोडायचं ते सोडा."

अण्णा आज्ञाधारक माणूस. तळमजल्यावरच्या विमलाबाईंपासून त्यांनी सुरुवात केली.

"पेढे कसले हो?"

"हात जुळले."

"अगंबाई. कुणी जुळवले?"

"योगिनीबाईंनी. दहा महिने मागे लागल्या होत्या."

हात जुळले म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर हात येत नाहीत, मांडव येतो. विमलाबाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. त्यात तर नावही दिलेलं होतं. अण्णा दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत साधनाबाई बँकेतून रिटायर झाल्या होत्या, आणि चौथ्यावर पोचेपर्यंत त्या मूळच्या विठ्ठलवाडीच्या निघाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी योगिनीला फोन आला. अण्णांच्या शेजारची हेमा बोलत होती.

"अण्णांचं तुम्ही जुळवलंत म्हणे. आमच्या संदेशचंही बघा ना. माझा धाकटा भाऊ."

योगिनी हरखली. पेढ्यांनी एका रात्रीत नवा विद्यार्थी आणला होता.

"वय काय?"

"अडतीस. फार उशीर झाला का हो?"

"छे, अण्णांकडे बघा की. आधी कधी झालंय?"

"झालंय एकदा. वर्षभरच टिकलं."

"बऱ्याच जणांचं तसंच होतं. घरी काही आहे?"

"घरी असतं तर फोन कशाला केला असता?"

"काही हरकत नाही. सुरुवातीला भाड्याने आणा. जमलं तर मग कायमचं घ्या. सेकंडहँडमध्येही चांगली मिळतात हो."

"आम्ही साधी माणसं आहोत," असं म्हणून हेमाने फोन ठेवला. भाडं परवडत नसेल बिचारीला, असं योगिनीला वाटलं.

दुपारी दुसरा फोन. अण्णांची मुलगी ऋजुता कोलशेतहून रिक्षा करून थेट वडिलांकडे आली होती आणि तिथूनच बोलत होती. "योगिनीताई, तुम्हीच जुळवलंत ना? मग आत्ताच्या आत्ता इकडे या."

अण्णांच्या हॉलमध्ये अर्धी बिल्डिंग जमली होती. अण्णा खुर्चीच्या टोकावर बसले होते. ऋजुताच्या हातात एक साडी होती.

"मला राग आला नाहीये," ती डोळे पुसत म्हणाली. "एकटे राहू नका असं सहा वर्षं मीच सांगतेय. पण बिल्डिंगला पेढे आधी आणि मुलीला काहीच नाही? कुठायत साधनाबाई? मी साडी आणलीये त्यांना."

योगिनीच्या डोक्यात एकेक दिवा पेटत गेला. 'भाड्याने आणा' आठवलं तेव्हा तिची कानशिलं तापली.

"अहो, साधना म्हणजे बाई नाही. साधना म्हणजे रियाज."

"आता हा रियाज कोण?" विमलाबाई म्हणाल्या.

योगिनीने अण्णांकडे पाहिलं. ते लाल झाले होते. संपलं सगळं, तिला वाटलं. हा माणूस आता जन्मात पियानोजवळ फिरकणार नाही, आणि हे आपण आपल्या हाताने केलं. तिला रडूच यायला लागलं.

अण्णा उठले. सगळ्यांना वाटलं, आत निघून जाणार. ते कोपऱ्यात गेले, कीबोर्डवरचं फडकं काढलं आणि बसले.

"हे जुळले," म्हणाले, आणि वाजवू लागले.

चार ओळी सुरळीत गेल्या. पाचवीत उजवा हात घसरला. डावा मात्र आपल्या वाटेने चालत राहिला, आणि सहाव्या ओळीच्या तोंडाशी उजव्याने त्याला गाठलं. आठवी ओळ संपली तेव्हा ऋजुता साडीलाच डोळे पुसत होती.

अण्णा आपल्या डाव्या हाताकडे बघत बसले. "उजवा चुकला," ते सावकाश म्हणाले. "पण डावा थांबला नाही. दिवाळीत दोघेही थांबायचे. म्हणजे... फरक पडलाय की हो, बाई."

दहा महिन्यांत अण्णांनी स्वतःबद्दल काढलेला हा पहिला बरा शब्द होता. योगिनीला इतका आनंद झाला की नेहमीचं भाषण विसरून ती नुसतंच "हो" म्हणाली.

"छानच वाजवलंत," विमलाबाई उसासा टाकत म्हणाल्या. "पण म्हणजे लग्न नाहीच?"

सोमवारी अण्णांचा फोन आला.

"बाई, क्लास सोडत नाही."

"अण्णा, किती बरं वाटलं सांगू..."

"एक अडचण आहे. विमलाबाईंनी खरंच एक स्थळ काढलंय. रविवारी चहाला येतायत. मी नाही म्हणत होतो, पण ऋजुता ऐकेना." अण्णा खाकरले. "तोवर दुसरी चाल बसेल का? एकच येते म्हटल्यावर स्थळ हातचं जायचं."