आठ की दहा?

आमच्या कॉलनीत चौगुले सरांसमोर ‘पाच-सहा’ म्हणायची कोणाची छाती होत नाही. भाजीवाली म्हणाली, “पाच-सा वांगी ऱ्हायल्यात बगा,” की सरांचा प्रश्न ठरलेला, “पाच की सहा?” पत्रिकेत मुहूर्त बारा सदतीसचा असेल तर सर बरोबर बारा सदतीसला अक्षता टाकतात. भटजींची मंगलाष्टकं चालूच असतात, आणि एकट्या सरांच्या अक्षता पुढच्या रांगेतल्या कोणाच्या तरी टकलावर पडतात.

“ढोबळ नको मास्तर, नेमकं सांगा,” हे त्यांचं पालुपद. सर सांगलीत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले, मी रहिमतपुरात मराठी शिकवून. साडेचौतीस मार्कांचं पोरगं दिसलं की मी पस्तीस करून पास करायचो. हे सरांना कळलं तेव्हा ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नेमकं सांगायचं तर एक दिवस एकोणीस तास.

गेल्या वर्षी तर त्यांनी कहरच केला. वहिनींच्या उजव्या चपलेत दाराच्या घंटीचं बटण बसवलं! वहिनी अंगणात फेऱ्या मारायच्या. पाऊल टेकलं की चप्पल ‘टीं’ करायची, आणि मागच्या ‘टीं’पासून किती वेळ गेला ते सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत व्हरांड्यातल्या यंत्रातून निघणाऱ्या कागदाच्या पट्टीवर उमटायचं. कॉलनीतली कुत्री आठवडाभर भुंकली, मग तीही सरावली.

वहिनी कुंडलच्या, मोकळ्या स्वभावाच्या. “आवं मास्तर, पैंजण मागितलं व्हतं, ह्यांनी घंटी बांदली,” म्हणून हसायच्या.

मी विचारलं, तर सर म्हणाले, “माणसाची पावलं घड्याळासारखी पडत नाहीत. जरा मागं, जरा पुढं. पण त्या मागं-पुढं होण्यात आठवण असते. आत्ताचं पाऊल शंभर पावलांमागच्या पावलाची ओळख ठेवून असतं. तब्येत बिघडली की ती ओळख पुसत जाते.” शेजारी कोणी चाललं तर पावलं एकमेकांची नक्कल करतात, म्हणून वहिनींबरोबर चालायला सगळ्यांना बंदी होती. स्वतः सरांनाही. रोज संध्याकाळी घाटापर्यंत जोडीनं जाणारी ही दोघं, पण आता ती अंगणात आणि हे व्हरांड्यात.

मग सरांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि पट्टीवरचे आकडे संगणकात भरायचं काम माझ्याकडे आलं. एक पूर्णांक शून्य आठ, एक पूर्णांक एक दोन, पुन्हा शून्य नऊ… हजार-दीड हजार आकडे! माझा हात जुन्या वळणावर गेला. सगळ्यांना सरसकट एक पूर्णांक एक करून मी पास करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी गेलो तर सरांपुढचा चहा गार झाला होता.

“मास्तर, आठवण गेली,” ते म्हणाले. “काही शिल्लक नाही. तिच्या आईला कंपवात होता. सुरुवात चालण्यापासूनच झाली होती. वर्षभर मी तेच बघतोय. तिला बोललो नाही.”

वर्षभर ज्याला आम्ही चाळा समजून हसलो तो हा होता. मला स्वतःची लाज वाटली. मग माझी नजर पडद्याकडे गेली. एक पूर्णांक एक, एक पूर्णांक एक, खालपर्यंत तेच.

“सर,” मी म्हणालो, “हे वहिनींचं नाही. माझं आहे.”

आता निदान महिनाभराचा अबोला, असं मी धरून चाललो होतो. सर फक्त म्हणाले, “कागदाची पट्टी काढा.” मी एकेक आकडा वाचला, त्यांनी काळ्या चष्म्यातून चाचपडत तो भरला. सगळं झाल्यावर त्यांनी पडद्यावरची आलेखाची रेघ पाहिली आणि मला अशी मिठी मारली की माझा चष्मा पडला. आठवण जागेवर होती!

लगेच त्यांच्यातला मास्तर जागा झाला. त्यांनी प्रत्येक पावलाला फक्त ‘सरासरीपेक्षा जास्त’ किंवा ‘कमी’ एवढाच शेरा दिला. तरी आठवण दिसत होती, जरा पुसट. “सोपं करायला माझी ना नाही. पण कुठं सोपं करायचं हे कळायला हवं. तुम्ही आठवण जिथं राहते नेमकं तेच खरवडलंत.”

“झालं का ढोबळाचं भांडाण?” वहिनी नवा चहा घेऊन दारात उभ्या होत्या. “आयचं दुकनं मला ठावं न्हाई व्हय? घंटी बसवली त्याच दिशी वळाकलं मी. तुमच्या जिवाला बरं वाटंल म्हून चालत ऱ्हायले. पर वरीसभर एकटीच चालतीया. त्येचं लय वाईट वाटतंय.”

सरांनी चप्पल उचलली, पेचकस घेतला आणि बटण काढलं.

संध्याकाळी मी फाटकाशी उभा होतो. अंगणात दोघं शेजारी शेजारी चालत होती, चप्पल गप्प होती. मला राहवलं नाही.

“किती फेऱ्या झाल्या, सर?”

वहिनींचा हात न सोडता सर म्हणाले, “असतील आठ-दहा.”