मास्तरांचं ताट

दगडाबाईने आख्खा मासा वाढला, आणि तो मासा ताटातून अनंतरावांकडे टक लावून बघू लागला.

यात माशाची काही चूक नव्हती. अनंतराव तीस वर्षं एका मच्छीमार संस्थेत कारकून होते, पण जन्मात त्यांनी मासा चाखला नव्हता. संस्थेचा सभासद, नाथसागराच्या काठचा कडूबा दर दिवाळीला त्यांच्या संभाजीनगरच्या घरी मासे पाठवायचा. ते मागच्या दाराने शेजाऱ्याकडे जायचे आणि अनंतराव फोनवर म्हणायचे, "वा कडूबा, काय चव!" पहिल्या वर्षी भिडेपोटी बोलून गेले, मग मागे फिरायला तोंडच राहिलं नाही. आता निवृत्तीनंतर कडूबाने आणि त्याच्या कारभारणीने, दगडाबाईने, त्यांना बायकोसकट दोन दिवस काठावरच्या पालांवर राहायला बोलावलं होतं. शैलाताईंनी आल्या आल्या "आज माझा उपास" सांगून अंग काढून घेतलं. बायका अशा बाबतीत हुशार असतात.

"लाजू नका साहेब, अजून दोन हायेत," कडूबा म्हणाला.

"मी जरा पाण्याकाठी बसून जेवतो. हवा छान आहे."

हवा कसली डोंबलाची! भर दुपार झाली तरी धुकं हललं नव्हतं. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं, कळत नव्हतं. पालांभोवती कुत्री होती, कावळे होते, पण काठावरच्या एका काळ्या दगडाजवळ मात्र चिटपाखरू नव्हतं. त्या दगडावर ताट मांडलेलं होतं. वरण-भात, वर तूप, कडेला लिंबाची फोड.

अनंतरावांच्या पोटात सकाळपासून नुसता चहा होता. नैवेद्य असेल, आणि नैवेद्य शेवटी माणसानेच खायचा असतो, असं पोटाने त्यांना समजावलं. त्यांनी मासा पाण्यात सोडला. सवयीने ताटाभोवती पाणी फिरवलं, उजव्या बाजूला भाताच्या चित्राहुती मांडल्या आणि पाच मिनिटांत ताट लख्ख केलं. तेवढ्यात मागे पाण्याच्या बाजूला कुणीतरी घसा खाकरल्यासारखं वाटलं. वळून पाहिलं, तर नुसतं धुकं.

ते पालापाशी येऊन हात धुतात न धुतात, तोच दगडाबाईची किंकाळी ऐकू आली. सगळी वस्ती दगडाकडे धावली.

"ताट कुणी खाल्लं?"

"कुत्र्यानं आसंल."

"पन्नास सालांत कुत्रं फिरकलं नाय, कावळा शिवला नाय, अन् आजच?" कचरू नावाचा धिप्पाड गडी हातात काठी घेऊन विचारत होता. अनंतराव शैलाताईंच्या मागे सरकले.

कडूबा दगडापाशी वाकला. भाताची ती शितं त्याने बराच वेळ न्याहाळली. मग उभा राहून मोठ्याने म्हणाला, "कुत्रं चित्राहुती मांडतं व्हय रे? मास्तर जेवले!"

आणि मग त्याने पाव्हण्यांना सगळं सांगितलं. धरणाचं पाणी चढलं तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्याचा बाप गावातली माणसं होडीने काढत होता. शाळेचे मास्तर एकटा जीव, सोवळ्यातले. म्हणाले, "आधी पोरंबाळं ने. मी पुढच्या खेपेला येतो." पाणी बघून बाप भ्याला. ती पुढची खेप झालीच नाही. तेव्हापासून रोज दुपारी मास्तरांचं ताट. आधी बाप ठेवायचा, मग कडूबा.

"अहो, मेलेल्या माणसाचं जेवलात?" शैलाताईंनी पालात शिरल्यावर विचारलं.

"मला काय ठाऊक! भूक लागली होती."

"सांगून टाका त्यांना."

"आता? बाहेर नारळ फुटलाय! आणि तो काठीवाला बघितलास का?"

तेवढ्यात दगडाबाईचा आवाज आला. "उद्या परत मांडू. उद्याबी जेवले, तर मामंजींच्या जिवाला सुटका मिळाली म्हणायचं."

अनंतरावांना रात्रभर झोप नाही. उद्या ताट तसंच राहिलं, तर या भल्या माणसाच्या काळजाला घरं पडणार, आणि तेही आपल्या जिभेपायी!

दुसऱ्या दिवशी मास्तरांना संकोच नको म्हणून सगळी वस्ती पाण्याकडे पाठ करून एकाच पंगतीत बसली. कडूबाने अनंतरावांना मांडीला मांडी लावून बसवलं. शैलाताई चुलीपाशी दगडाबाईला मदत करत होत्या. अनंतरावांच्या ताटात कालच्यापेक्षा मोठा मासा.

"कडूबा, मला एक सांगायचंय."

"जेवण होऊ द्या, साहेब."

एकाएकी कावळ्यांची कावकाव थांबली. कुत्री पोटात पाय घेऊन बसली. आणि काठाकडून अगदी स्पष्ट, कुणीतरी खळखळून चूळ भरल्याचा आवाज आला. घास हातात धरून सगळे तसेच बसले. मागे वळायची कुणाची छाती झाली नाही.

बऱ्याच वेळाने सगळे उठून दगडापाशी गेले. ताट रिकामं होतं. उजव्या बाजूला भाताच्या चित्राहुती होत्या, आणि दगड ओला होता.

निघताना जीपपर्यंत बॅग घेऊन कडूबा आला. अनंतरावांनी मन घट्ट केलं. "कडूबा, मी मासा खात नाही रे."

"ठाऊक हाय की. तुमचा शेजारी दर दिवाळीला फोन करून चव सांगतो. म्हणलं, बघू साहेब कधी बोलतेत."

"आणि कालचं ताट..."

"तुमी खाल्लं. मिशीला तूप व्हतं."

"मग मास्तर जेवले म्हणून का ओरडलास?"

"कचरूच्या हातात काठी व्हती, साहेब. पाव्हण्याची अब्रू जाऊ द्यायची व्हय?"

अनंतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग एकदम आठवून त्यांनी हळूच विचारलं, "आणि आजचं? ते तूच काहीतरी केलंस ना?"

"मी तर तुमच्या मांडीला मांडी लावून बसलो व्हतो." कडूबाने बॅग खाली ठेवली. "साहेब, खरं सांगा. माझ्या बापाला माफ केलं ना त्यांनी?"

तीस वर्षं खोटं बोलताना अनंतरावांना कधी विचार करावा लागला नव्हता. आता त्यांनी आधी कडूबाच्या खांद्यावर हात ठेवला.

"केलं, कडूबा."

कडूबाने डोळे पुसले. मागे धुक्यात तो दगड दिसत नव्हता, तरी त्याने तिकडे एकदा बघून घेतलं. "मग आता उद्यापासून ताट ठेवू का नको?"

"ठेव बाबा," अनंतराव जीपमध्ये चढत म्हणाले. "पन्नास वर्षांचे उपाशी आहेत ते. आणि भात जरा जास्त लाव."