काकांच्या मिशीचा काढा

आकाराम दातांच्या चिनी डॉक्टरकडे गेला तो फक्त दाढ दुखत होती म्हणून. पण कचेरीतल्या या कारकुनाचं दुखणं दाढेपुरतं नव्हतं. मूत्रपिंडं बिघडल्यानं पाय सुजले होते, तोंड पुरीसारखं फुगलं होतं आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मीठ तोडलं होतं. (कोल्हापुरात राहून अळणी रस्सा खायचा, ही शिक्षा कळंब्याच्या तुरुंगातही देत नसतील.)

चेन डॉक्टरनं दाढ काढली, सुजलेले पाय पाहिले आणि मोडक्या हिंदीत सांगितलं, की आमच्या मुलखात अशा सुजेवर घरोघरी कोहळ्याचं अळणी सार देतात. आणखीही एक औषध सांगितलं. नेमका त्याच वेळी दारावरून टांगा गेला. आकारामला ऐकू आलं ते असं : "काकाका बाल उबालो, पानी पियो." पुन्हा विचारावं, तर तोंडात कापसाचा बोळा.

"काकाचं केस?" घरी शालूबाईंनी विचारलं.

"व्हय. तसंच म्हणाला."

"दाढ काढताना दुखलं का तुमास्नी?"

"न्हाई."

"मग त्याला कळतंय. रक्ताच्या नात्याचं औषध असंल."

काका एकच, कागलचे सयाजीकाका, एकेकाळचे पैलवान. डोक्यावर केस औषधालासुद्धा नव्हता. होती ती मिशी. गालावर पसरलेली, तुपावर पोसलेली. निरोप मिळताच ते आले.

"काका, ऱ्हाऊ द्या," आकाराम मान खाली घालून म्हणाला.

काकांनी आरशापुढं उभं राहून मिशीला शेवटचा पीळ दिला. "तुझा बा गेला तवा त्येला शब्द दिलता, पोराला कमी पडू देनार न्हाई म्हणून. आता मिशीसाठी शब्द मोडू व्हय?" असं म्हणून त्यांनी कात्री चालवली.

काढ्याला जुन्या तुपाचा वास येत होता. आकाराम डोळे पुसत शेवटच्या घोटापर्यंत प्याला.

पुढच्या खेपेला त्यानं काकांच्या मिशीची हकीकत सांगून चेन डॉक्टरचे आभार मानले. चेननं सगळं ऐकून घेतलं, आत जाऊन मक्याचं कणीस आणलं आणि त्याचे पिवळसर केस आकारामच्या तळहातावर ठेवले. "मका," तो सावकाश म्हणाला. "मकाका बाल."

मग मक्याच्या केसांचं पाणी सुरू झालं, कोहळा चालूच होता. हळूहळू सूज उतरली. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "मीठ सोडलंत, गोळ्या वेळेवर घेतल्यात, त्याचा गुण." आकारामनं मनातल्या मनात सगळ्यांनाच हात जोडले आणि खरं सांगायला कागल गाठलं.

काकांनी ऐकून घेतलं. ओठांवर नुसते खुंट उगवले होते. "म्हंजे माझ्या मिशीनं काय झालंच न्हाई?"

आकारामनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि त्याला राहवलं नाही. "झालं की काका. पयला गुण तिचाच."

काका खुलले. त्यांनी ते सगळ्या कागलभर सांगितलं, आणि तिथून ते कुठं कुठं गेलं देव जाणे. एका रविवारी गारगोटीचा एक पाहुणा पत्ता विचारत दारात आला आणि अदबीनं शालूबाईंना म्हणाला, "वैनी, मिशी पिनारं सायब हितंच ऱ्हात्यात न्हवं?"