मेश्राम सरांची बिनअर्थाची पुस्तकं

मेश्राम सर दुपारच्या सुट्टीत नाकं मोजायचे.

कँटीनमधले बाकीचे लोक मासा आणि उकडलेले बटाटे संपवून कॉफीकडे वळले, की सर कोटाच्या आतल्या खिशातून व्हर्नियर कॅलिपर काढत. मग कापडी पिशवीतून एक आडव्या आकाराचं पुस्तक निघे. त्यात पानोपानी वेडेवाकडे म्हातारे काढलेले. एकेका म्हाताऱ्याच्या नाकाला सर व्हर्नियर लावत, डोळा बारीक करून आकडा वाचत आणि वहीत टिपून ठेवत. नव्या माणसाला वाटे, विमानाच्या नाकाचं काहीतरी काम चाललंय. पहिल्या दिवशी मलाही तसंच वाटलं होतं.

दोन हजार चारच्या सुमारास मी पुण्याहून हॅम्बर्गला आले, तेव्हा नदीपलीकडच्या विमानांच्या कारखान्यात मराठी बोलणारी आम्ही दोनच माणसं होतो. सर मूळचे नागपूरचे, पन्नाशीला टेकलेले. विमानात डोक्यावर सामानाचे कप्पे असतात ना, ते किती भार सोसतील याचं गणित त्यांच्याकडे असे. मी सत्तावीस वर्षांची होते, तरी त्यांनी मला लगेच 'शिंदेबाई' करून टाकलं. सरांनी लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं तर 'राहून गेलं' एवढंच सांगत, छत्री बसमध्ये राहून गेल्यासारखं.

पुस्तकातले म्हातारे कुणाचे, हे मला आठवडाभरात कळलं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला एक इंग्रज. पोटासाठी पक्ष्यांची आणि डोंगरदऱ्यांची चित्रं काढायचा आणि मुलांसाठी निव्वळ बाष्कळ कविता लिहून त्यांनाही चित्रं जोडायचा. सर त्याचं नाव घेतच नसत. 'आपला कवी' म्हणत. आपला कवी अमुक म्हणतो, आपल्या कवीनं तमुक गावाला जाऊन चित्र काढलं. ऐकणाऱ्याला वाटावं, वर्ध्याच्या बाजूचा कुणीतरी असेल.

त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात आपल्या कवीनं छापलेलं सगळं होतं. पोपटांच्या चित्रांचं एक भलंमोठं पुस्तक, जे उघडायचं तर आधी टेबलावरची ताटं उचलावी लागत. प्रवासवर्णनं. बाष्कळ कवितांच्या निरनिराळ्या आवृत्त्या. भलतंसलतं काही लागणाऱ्या झाडांचं खोटं वनस्पतिशास्त्र. करून पाहिल्या तर घरातल्यांना उपाशी झोपावं लागेल अशा पाककृती. पोपटांचं पुस्तक नव्यानं छापलेलं होतं, पण बाकीची बरीचशी खरोखर जुनी होती. ती चाळण्याआधी सर मला दोनदा हात धुवायला लावत.

नाकं मोजण्यामागे मोठा वाद होता. सुरुवातीची चित्रं कवीनं स्वतः दगडावर काढून छापली. पुढे खप वाढला, तेव्हा कारागिरांनी तीच चित्रं लाकडावर पुन्हा कोरली. या कोरण्यात म्हाताऱ्यांची नाकं आखूड झाली, असा सरांचा आरोप होता आणि ते पुरावा गोळा करत होते. "दीड मिलिमीटर नाक खाल्लं त्यांनी, शिंदेबाई. विमानात आपण एवढं चालवून घेतो का?" असं ते मला विचारत. मी नाही म्हणे. त्यावर ते समाधानानं 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणत आणि पुढच्या नाकाकडे वळत.

पण मोजणं हा झाला फावल्या वेळातला उद्योग. खरं काम होतं भाषांतराचं. आपला कवी मराठीत आणायचा, हे त्यांनी मनावर घेतलं होतं. त्या कवितांमध्ये बहुतेकदा एखाद्या गावचा एखादा म्हातारा असतो आणि त्याच्यावर काहीतरी विचित्र ओढवतं. सरांनी इंग्रजी गावं काढून टाकून तिथे काटोल, उमरेड, आर्वी, पुलगाव बसवली. उमरेडला 'ब्रेड'चं यमक सापडलं, त्या दिवशी त्यांनी ऑफिसात केक आणला. आमच्या खोलीतले तिसरे सहकारी लोरेन्झनसाहेबांनी वाढदिवस समजून हात मिळवला. सरांनी खरं कारण सांगितलं. लोरेन्झननी उमरेडची लोकसंख्या विचारली.

भाषांतराची कसोटी एकच. अर्थ निघता कामा नये. कविता तयार झाली, की कामावर जाता-येताना फेरीबोटीवर माझी परीक्षा होई. एल्बे नदीवर पाऊस आडवा मारत असे, खिडकीच्या काचा धुकटलेल्या असत आणि सर अगदी गंभीर चेहऱ्यानं पाच ओळी वाचून दाखवत. मी 'म्हणजे काय?' म्हटलं, तर कविता पास. माझ्या तोंडून 'खरं आहे' किंवा 'असंच असतं' असं काही निघालं, की कागद चारी बाजूंनी दुमडून खिशात जाई. "अर्थ घुसून राहिला यात," ते म्हणत. घरात उंदीर घुसल्यासारखं म्हणत. काही दिवसांनी मी कविता पास व्हावी म्हणून मुद्दामच 'म्हणजे काय' म्हणू लागले, तर तेही त्यांनी ओळखलं. कविता कळूनही 'म्हणजे काय' विचारणाऱ्या माणसाच्या भुवया वर जात नाहीत, असं त्यांचं निरीक्षण होतं.

एकदा अमेरिकेतल्या विक्रेत्यानं पाठवलेलं त्यांचं पुस्तक त्सोलमध्ये, म्हणजे जकात कार्यालयात, अडकलं. आमच्या वाटेवरच होतं म्हणून मीही बरोबर गेले. खिडकीपलीकडच्या बाईंनी फॉर्म दिला. त्यात एक रकाना होता, आत काय आहे ते लिहायचा. सरांनी विचार करून सुवाच्य अक्षरात लिहिलं: उन्झिन. म्हणजे मूर्खपणा, वेडगळपणा. बाईंनी फॉर्म परत दिला आणि नुसतं 'पुस्तक' लिहायला सांगितलं. सर म्हणाले, पुस्तक हे खोकं झालं, तुम्ही आतलं विचारलंय. आतला माल उन्झिन आहे आणि मी सरकारी कागदावर खोटं लिहीत नाही. मागे रांग वाढत होती. बाईंनी पाकीट फोडलं, पुस्तक उघडलं आणि एक कविता वाचली. मग दुसरी. मग शेजारच्या खिडकीतल्या माणसाला बोलावून त्यालाही एक दाखवली. दोघंही हसले नाहीत, पण बाईंनी कुणालाही न विचारता शिक्का मारला. सरांनी लिहिलेला शब्द त्यांनी खोडला नाही. सर महिनाभर त्या बाईंची तारीफ करत होते. अशी निर्मळ वाचक आपल्या लोकांत मिळायची नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

याचा प्रत्यय लवकरच आला. संक्रांतीला मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मी त्यांना कविता वाचायला उभं केलं. चूक माझीच. सरांनी आर्वीच्या एका म्हाताऱ्याची कविता निवडली होती. तो म्हातारा टोपीत भाजी चिरतो आणि मग टोपीच चिरतो. वाचून झालं आणि सभागृहात खसखस पिकली. मंडळाचे अध्यक्ष कायम टोपी घालून स्वयंपाकघरात लुडबुड करायचे, हे सरांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, कारण ते मंडळात पहिल्यांदाच आले होते. अध्यक्षांचा चेहरा उतरला. दोघीतिघींनी येऊन सरांना सांगितलं, बरं झालं कुणीतरी तोंडावर बोललं. एक गृहस्थ म्हणाले, यात सत्तेवर फार खोल भाष्य आहे.

सरांनी तिळगूळसुद्धा घेतला नाही. बाहेर येऊन बसथांब्यावर ती कविता त्यांनी फाडली. मी समजूत घालायला लागले, तर म्हणाले, चाळीस माणसांनी मिळून तिच्यात अर्थ घातला, आता ती धुवून निघत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी अध्यक्षांच्या घरी फोन करून माफी मागितली आणि म्हातारा आर्वीचा होता, हॅम्बर्गचा नव्हता, हे दोन वेळा सांगितलं.

त्यानंतर फेब्रुवारीत सर पडले. फेरीच्या धक्क्यावर बर्फाचा काचेसारखा थर जमला होता. हातात आपला कवी होता. ज्यांनी पाहिलं त्यांनी सांगितलं की सर पडताना एक हात वर धरून होते, पुस्तक त्या हातात होतं आणि त्यामुळे सगळा भार दुसऱ्या मनगटावर आला. मनगट मोडलं. पुस्तकावर थेंबही उडाला नाही. मी रागावले, तर ते म्हणाले, "हाड जुळून येते, शिंदेबाई. पुठ्ठा फाटला की जुळत नाही."

उजवा हात प्लास्टरमध्ये, घरात दुसरं कुणी नाही, म्हणून पुढच्या रविवारी मी भाजी आणि दूध घेऊन गेले. पोहे केले. ते डाव्या हातानं चमच्यानं खात होते आणि अर्धे पोहे ताटलीबाहेर जात होते. पडताना वर धरलेलं ते पुस्तक शेजारी कपाटावर ठेवलं होतं. मी सहज विचारलं, जगात एवढे कवी असताना हाच का.

त्यांनी चमचा ताटलीत ठेवला. मग सांगायला लागले.

त्यांचे वडील कापडाच्या गिरणीत होते. मोठेपणी, कामावरून आल्यावर वस्तीतल्या वर्गात बसून अक्षर शिकलेले. पुस्तक म्हणजे काय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आपल्याला ज्याच्यापासून दूर ठेवलं ते हे, आणि आपली पोरं वर येतील ती याच्यावरच. मुलांचं इंग्रजी सुधारावं म्हणून ते रद्दीवाल्याकडून निवडून पुस्तकं आणत. रोज जेवणाआधी मुलांनी सांगायचं, आज काय शिकलो. एकदा त्यांनी चित्रं आहेत म्हणून एक आडवं पुस्तक आणलं. ते आपल्या कवीचं होतं. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला ते कसंबसं लागलं आणि तो हसून हसून लोळला. जेवणाआधी वडिलांनी विचारलं, आज काय शिकलास. मुलगा म्हणाला, एक म्हातारा होता. मग? मग त्याचं असं झालं. मग? मग काही नाही.

वडिलांना वाटलं, पोरगा टाळतोय. तीन दिवस तेच उत्तर आलं. चौथ्या दिवशी त्यांनी पुस्तक परत रद्दीवाल्याला देऊन टाकलं आणि त्याऐवजी अंकगणित आणलं.

"मारलं नाही, रागावले नाहीत," सर म्हणाले. "चूक त्यांचीही नव्हती. आमच्या घरात पुस्तक कामासाठीच यायचं. बिनकामाचं पुस्तक वाचणारा मी पहिला."

मी ताटल्या उचलल्या. तेवढ्यात त्यांनी घड्याळ पाहिलं आणि फोनचं कार्ड माझ्याकडे दिलं. रविवारी ते नागपूरला वडिलांना फोन करत. वडील ऐंशीच्या पुढे, धाकट्या भावाकडे राहत होते. डाव्या हातानं एवढे आकडे दाबायला जमत नव्हतं. मी नंबर लावला आणि त्यांच्याच सांगण्यावरून स्पीकर चालू केला.

आधी प्रकृतीचं झालं, प्लास्टरचं झालं. मग सरांनी नवी कविता वाचून दाखवली. वर्षभर दर रविवारी एक कविता असा क्रम चालला होता, हे मला तिथेच कळलं. वडील ऐकून घेत, 'बरं' म्हणत आणि तिकडे थंडी किती आहे ते विचारत. त्या दिवशीही 'बरं' झालं. थंडीचं मात्र विचारलं नाही. थोडा वेळ तिकडून नुसतं खाकरणं ऐकू आलं.

"प्रकाश," वडील म्हणाले. "कागद घे. मीही एक केलं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी वही ओढली. म्हाताऱ्या, सावकाश आवाजात एकेक ओळ येत गेली आणि मी लिहीत गेले:

पुलगावच्या बुढ्यानं पाळली बंडी,
म्हणे रोज सकाळी देते दोन अंडी.
बंडी म्हणे, मी कोंबडी नोय,
बुढा म्हणे, मंग मी कोन होय?
अन् दोघंही पांघरून बसले थंडी.

सरांनी पुन्हा म्हणायला सांगितलं. वडिलांनी पुन्हा म्हटलं, आणि अंडी देणाऱ्या बंडीपाशी, म्हणजे बैलगाडीपाशी, त्यांना स्वतःलाच हसू आलं. ऐंशी ओलांडलेल्या माणसाचं ते हसू खोकल्यात संपलं. मग त्यांनी काळजीनं विचारलं, यात काही चुकलं का, कारण त्यांनी दोन आठवडे डोकं लावलं होतं आणि बैलगाडीला अंडी येत नाहीत हे त्यांना माहीत होतं.

"काहीच चुकलं नाही, बाबा," सर म्हणाले.

"पुस्तकात घेशील?"

"घेईन."

"मंग खाली नाव टाकजो माझं. पूर्ण."

फोन ठेवल्यावर सरांनी वहीतल्या पाच ओळी पुन्हा वाचल्या. शेवटच्या ओळीत मला काहीतरी अर्थ दिसला होता, पण मी तो बोलले नाही. नाव काय लिहू, असं विचारून पेन उचललं. त्यांनी मान हलवली आणि पेन मागून घेतलं. वही आपल्याकडे ओढली, प्लास्टरच्या हातानं ती दाबून धरली आणि डाव्या हातानं लिहायला सुरुवात केली. पहिलं अक्षर ओळीच्या वर गेलं, दुसरं खाली आलं. उकार लांबला. पहिलीतल्या पोरासारखी त्यांची जीभ ओठांच्या कोपऱ्यात आली होती.

वडिलांचं मधुकर, मग सरांच्या आजोबांचं नाव, मग मेश्राम, असं पूर्ण व्हायला पुष्कळ वेळ लागणार होता. मी चहाचं आधण ठेवायला आत गेले.