धाकट्याच्या आधी

धाकट्या जावयांच्या फोनला अपडेट आलं आणि थोरल्यांच्या फोनला आलं नाही, ही गोष्ट रविवारी दुपारी सासूबाईंच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर उघड झाली.

खरं म्हणजे दोघांचे फोन जुळे भाऊ शोभावेत असे होते. एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेले, रंगसुद्धा एकच. थोरल्यांनी ते मुद्दाम जुळवून आणलं होतं, कारण धाकट्यांकडे आपल्यापेक्षा काही चांगलं असलं की त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. धाकटे औषधं विकणाऱ्या कंपनीत होते, अघळपघळ बोलत, आणि सासूबाईंच्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहत. थोरले सर्व्हेच्या ऑफिसात नकाशे काढत, अर्ध्या मिलिमीटरची चूक त्यांना खपत नसे, आणि सासूबाईंकडे यायचं तर त्यांना दोन बस बदलाव्या लागत.

"हे बघा आई," धाकटे म्हणाले, "सगळं नवीन झालंय. अक्षरं मोठी, चित्रं गोल."

"अगंबाई, किती छान!" सासूबाई म्हणाल्या आणि थोरल्यांकडे वळल्या. "तुमचा दाखवा ना."

थोरल्यांनी दाखवला. चित्रं चौकोनीच होती.

"तुम्हाला नाही आलं?" धाकट्यांच्या आवाजात इतकी कणव होती की थोरल्यांना ठसका लागला. "येईल हो साडूभाऊ. एकदम सगळ्यांना नाही पाठवत."

"आधी कुणाला पाठवायचं ते ठरवतं कोण?"

"ते काय माहीत नाही बुवा. पण मला आलं."

संध्याकाळी घरी आल्याआल्या थोरले कामाला लागले. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्यांनी विचारलं, तर फोन म्हणाला, "तुमची प्रणाली अद्ययावत आहे." हे त्यांना धाकट्यांच्या कणवेपेक्षाही जास्त झोंबलं. जागा कमी असेल म्हणून त्यांनी फाइल्स उडवायला घेतल्या. सुप्रभातची साडेतेराशे चित्रं गेली. मग धाकट्यांच्या नव्या घराचे नऊ व्हिडिओ सापडले, त्यातला एक तर नुसता बाथरूमचा होता. ते पुसताना थोरल्यांना जरा बरं वाटलं. फोन दोनदा बंद करून चालू केला, वायफायच्या डब्याजवळ नेऊन ठेवला, चार्जिंग शंभर टक्के केलं. फोन आपला अद्ययावतच.

"अहो, गोल चित्रांनी काय फोन जास्त गोड वाजणार आहे का?" बायकोनं विचारलं. ती शाळेत शिकवायची आणि सकाळची शाळा असल्यामुळे साडेसहालाच घर सोडायची.

"प्रश्न चित्रांचा नाही," थोरले म्हणाले. तो कशाचा होता ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

सोमवारी ऑफिसात त्यांनी भांडारपालाला गाठलं. भांडारपालाला सगळ्यातलं थोडं थोडं कळे आणि तो सल्ला कधी हातचा राखून देत नसे.

"सोपं आहे," तो म्हणाला. "फोनला वाटायला पाहिजे, बरेच दिवस झाले, आपल्याला काही आलं नाही. आपोआप तारीख लावतो ना तो, ते बंद करा. आणि तारीख द्या पुढे ढकलून."

"किती पुढे?"

"चाळीस दिवस ढकला."

थोरल्यांनी चाळीस दिवस ढकलले. फोन क्षणभर गरगरला आणि "जोडणी होऊ शकली नाही" म्हणून गप्प बसला. ते पुन्हा प्रयत्न करणार, इतक्यात साहेबांनी एका नदीचं वळण चुकलंय म्हणून हाक मारली. थोरल्यांनी फोन खिशात टाकला आणि नदी सरळ करायला गेले. ढकललेली तारीख तशीच राहिली.

मंगळवारी गजर वाजलाच नाही. गजर सोमवार ते शनिवार लावलेला होता आणि फोनच्या मते आज रविवार होता. थोरले दचकून उठले तेव्हा बायको कधीच शाळेत गेली होती. उशीर होतोय हे ऑफिसात कळवावं म्हणून त्यांनी मेसेजचं ॲप उघडलं, तर ते म्हणालं, तुमची तारीख चुकीची आहे. बसचं वेळापत्रक उघडलं, तर फोन म्हणाला, ही जागा विश्वासाची नाही.

"बघा," थोरले दाढीचा साबण तसाच कानाला घेऊन पुटपुटले, "अपडेट नाही ना, म्हणून! त्यांचा फोन असला चावटपणा करत नसणार."

ऑफिसात उशिराच्या वहीत सही करून, साहेबांचं ऐकून, ते टेबलाशी टेकतात तोच फोन टुणकन वाजला. पडद्यावर त्यांचीच अक्षरं होती: "सासूबाई – वाढदिवस. धाकट्याच्या आधी!!"

ही आठवण त्यांनी गेल्या वर्षी लावून ठेवली होती, कारण गेल्या वर्षी धाकट्यांनी त्यांना चार मिनिटांनी हरवलं होतं. वाढदिवस नक्की कधी असतो, हे त्यांच्या कधीच लक्षात राहिलं नव्हतं. ते खातं बायकोकडे होतं. आता ती वर्गात, तिचा फोन कपाटात. मेसेज जात नव्हता. थोरले धावत व्हरांड्यात आले आणि त्यांनी सरळ फोन लावला.

सासूबाई भाजी चिरत होत्या, म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. "हॅलो" म्हणायच्या आधीच मागून आवाज आला, "कोण, साडूभाऊ का?"

धाकटे तिथेच होते! थोरल्यांनी श्वाससुद्धा घेतला नाही. "आई, वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा!"

"आज?" सासूबाई म्हणाल्या.

"म्हणजे काय! आम्ही विसरू होय?"

पलीकडे वर्तमानपत्र जमिनीवर पडल्याचा आवाज आला. ते सासऱ्यांच्या हातातलं होतं. मग धाकट्यांचा घाईघाईचा आवाज: "हो हो, मी पण तेच... त्यासाठीच तर आलो सकाळी सकाळी. म्हटलं, बीपीच्या गोळ्या आधी देऊ, मग शुभेच्छा." त्यावर सासऱ्यांचा आवाज: "मी जरा... कोपऱ्यापर्यंत जाऊन आलोच." आणि दार आपटलं.

थोरल्यांना इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. त्याच भरात त्यांनी सासूबाईंच्या गल्लीतल्या बेकरीला फोन केला.

"केकवर काय लिहू?" बेकरीवाल्यानं विचारलं.

"थोरल्या जावयाकडून."

"वाढदिवसाच्या शुभेच्छा नको?"

"जागा उरली तर लिहा."

साडेदहाला शाळेची मधली सुट्टी झाली आणि बायकोचा फोन आला. "अहो, काय केलंत तुम्ही? बाबांचा फोन होता. रडकुंडीला आलेत. म्हणाले, जावयांना आठवला आणि मीच तुझ्या आईचा वाढदिवस विसरलो गं, तिला कुठली फुलं आवडतात?"

"मग सांगितलीस ना?"

"सांगते काय! मी काही बोलायच्या आत फोन ठेवला त्यांनी. आईचा वाढदिवस अजून चाळीस दिवसांवर आहे!"

थोरल्यांनी समोरच्या नकाशाकडे पाहिलं. कोपऱ्यात त्यांनी स्वतःच्या सुबक अक्षरात आजची तारीख घातली होती. मग त्यांनी फोनकडे पाहिलं. गजर, मेसेज, बसचं वेळापत्रक, सगळं एकदम डोक्यात शिरलं.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून, दोन बस बदलून, कबुलीची वाक्यं जुळवत ते सासुरवाडीला पोचले. वाटभर त्यांना एकच दृश्य दिसत होतं: धाकटे हसताहेत आणि हसता हसता मांडीवर थाप मारताहेत.

दिवाणखान्यात सासरे घामाघूम होऊन बसले होते. दुकानात जेवढी फुलं होती तेवढी त्यांनी आणलेली दिसत होती. टेबलावर नवा कोरा मिक्सर होता. धाकटे स्टुलावर चढून सासूबाईंच्या घरचा पंखा पुसत होते. केकवर "थोरल्या जावयाकडून" असं ठसठशीत लिहिलेलं होतं आणि एका कडेला, मुंगीच्या पावलांनी, "शुभे".

"आई, मला जरा बोलायचंय," थोरले म्हणाले.

"सुरी शोधायला चला माझ्याबरोबर," म्हणून सासूबाईंनी त्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं. सुरी त्यांच्या हातातच होती.

"आई, माझ्या फोनची तारीख..."

"हळू बोला."

"चूक झाली माझी. वाढदिवस आज नाहीच."

"ते मला तुमच्या पहिल्याच वाक्याला कळलं. मी कधी जन्मले ते मला माहीत नसेल होय?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलणारच होते. पण ह्यांच्या हातातला पेपर पडला ना, आणि चेहरा असा झाला... अडतीस वर्षं झाली लग्नाला. ह्या माणसानं न सांगता एक फूल आणलं नव्हतं कधी. आणि तो धाकटा! गोळ्या दारातून देऊन पळतो एरवी. आज दोन पंखे पुसून झाले, तिसरा चाललाय. मी कशाला बोलू?"

"पण खरा दिवस आला की?"

"तेव्हाचं तेव्हा. तुम्ही आज कुणापुढे तोंड उघडायचं नाही. हे आपल्या दोघांत."

"धाकट्यांना पण नाही?"

"त्याला कशाला सांगू?"

गेली अकरा वर्षं थोरले ज्या वाक्याची वाट पाहत होते ते हेच असावं. ते बाहेर आले तेव्हा त्यांची मान ताठ होती.

धाकटे स्टुलावरून उतरून फोनमध्ये डोकं खुपसून बसले होते. "साडूभाऊ, मी पण आठवण लावली होती हो. मला पक्कं माहितेय. वाजलीच नाही! ह्या नव्या अपडेटनं काहीतरी घोळ केलाय. तुमच्यात वाजली का?"

"वाजली," थोरले म्हणाले. हे अक्षरशः खरं होतं.

"बघा! जुनंच बरं होतं. परत जुन्यावर जाता येतं का? तुम्हाला जमेल?" त्यांनी फोन पुढे केला. त्यांच्या डोळ्यांत जे दिसत होतं ते थोरल्यांनी तत्काळ ओळखलं. ते रोज आरशात पाहत असत.

थोरल्यांनी फोन हातात घेतला. गोल चित्रं समोर होती, आणि ती आज त्यांना तितकीशी देखणी वाटली नाहीत. "राहू दे," ते मोठ्या मनानं म्हणाले. "परत जायचं तर फोन सगळा पुसावा लागतो. तुमचे घराचे व्हिडिओ जातील."

एवढ्यात दार उघडलं आणि शाळेतून तडक आलेली त्यांची बायको आत शिरली. तिच्या तोंडातून पहिला शब्द बाहेर पडणार, इतक्यात सासूबाईंनी केकवरची सुरी न हलवता तिच्याकडे नुसतं पाहिलं.

"ये गं. तुझ्यासाठीच थांबलेय मी."

तिनं आईकडे पाहिलं, फुलांच्या ढिगामागून केविलवाणं हसणाऱ्या बाबांकडे पाहिलं, चकचकीत पंख्यांकडे पाहिलं आणि शेवटी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा भिंतीचा एक कोपरा अर्ध्या मिलिमीटरच्या बारकाईनं तपासत होता.

"वाढदिवसाच्या शुभेच्छा, आई," ती म्हणाली. मग टाळ्या वाजू लागल्यावर नवऱ्याच्या शेजारी येऊन, हसऱ्या चेहऱ्यानं, अगदी हळू आवाजात म्हणाली, "घरी चला, मग बघते."